नाकाखालचा धुरा

मला लोक सिस्टरभाऊ म्हणतात. दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांत सुया-औषधं घेऊन फिरणारी बाई म्हणजे सिस्टर, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याच कामाला मिशीवाला माणूस आला तर त्याला काय म्हणायचं? डॉक्टर लोक ब्रदर म्हणतात. खेड्यातून आलेल्या माणसाला ऐन वेळी ब्रदर आठवत नाही, सिस्टर मात्र तोंडात बसलेलं असतं. एकदा एका आजोबांनी मला मिशीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि हाक मारली, “ओ सिस्टर...” मग थोडं अडखळून, “...भाऊ!” मधली ती अडखळ पुढं गळून पडली आणि शब्द जुळून गेला. आता माझी बायकोसुद्धा चिडली की मला सिस्टरभाऊच म्हणते.

परभणीत आयसीयूमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं. बाहेरच्यांना वाटतं, तिथं सगळा खेळ मशिनींचा. मशिनी आहेतच, त्या दिवसभर पिकपिकत असतात. पण माझा जीव जडला आहे तो एका साध्या नळीवर. ज्या पेशंटला गिळता येत नाही, त्याच्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घालायची आणि तिच्यातून त्याला दूध, पातळ पेज, औषध द्यायचं. नळी घालणं फारसं अवघड नाही. ती गेली कुठं, हे कळणं अवघड. घशात दोन वाटा अगदी शेजारी शेजारी आहेत, एक पोटाची आणि एक फुप्फुसाची. नळीला काही डोळे नसतात. ती चुकून फुप्फुसाच्या वाटेला लागली आणि आपण वरून भरलेलं दूध सोडलं, तर आपण त्या माणसाला जेवू घालत नाही, बुडवत असतो.

म्हणून पहिल्यांदा नळी घातली की फोटो काढायचा. आमच्याकडं एक्स-रेला फोटो म्हणतात. फोटोत नळी पोटात दिसली की नाकपुडीपाशी नळीवर पेनानं खूण करायची आणि वर चिकटपट्टी लावायची. मग प्रत्येक वेळी दूध देण्याआधी ती खूण जागेवर आहे का बघायचं, सिरिंजनं पोटातलं थोडं पाणी ओढायचं आणि त्याचा थेंब एका कागदी पट्टीवर टाकायचा. पोटातलं पाणी आंबट असतं, त्यानं पट्टीचा रंग बदलतो. पूर्वी नळीतून हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायची, अशी पद्धत होती. ती आता बंद झाली, कारण आवाज फसवतो. चाळीत शेजारच्या खोलीतलं भांडण आपल्याच खोलीत चालल्यासारखं वाटतं ना, तसं. नळी भलतीकडं असली तरी पोटावर गुडगुड येते.

हे सगळं करताना मला जरा नाटक करायची खोड आहे, ती मान्य करतो. सिरिंज उजेडात धरायची, भुवया वर न्यायच्या, पट्टीवर थेंब सोडून एक पाऊल मागं सरकायचं. नातेवाईक श्वास रोखून बघत राहतात. रंग बदलला की मी हळूच मान डोलावतो आणि त्यांचा श्वास सुटतो. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, “तुला पडदा आणि पेटी-तबला लावून देऊ का रे?” मी म्हणायचो, “तबला नको, टाळ्या चालतील.” पण खरं सांगतो, नाटकानं फायदाच होतो. ज्या नातेवाइकानं ही तपासणी एकदा रंगात आलेली पाहिली, तो पुन्हा कधी आपल्या माणसाच्या नळीकडं दुर्लक्ष करत नाही.

फक्त एकदा माझ्यापेक्षा मोठी नटी समोर आली आणि माझं नाटक बंद पडलं.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. बोरीच्या पुढच्या एका खेड्यातून एक बाई आली. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या ती एका अंगावर कलंडली होती. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, घोटभर पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. सोबत मुलं होती, पण ती भरती करून पुन्हा रानात पळाली, कारण सोयाबीन उभं होतं आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. सून नुकतीच बाळंत झालेली. नवऱ्याला दवाखान्याच्या वासानंच चक्कर यायची; तो फाटकाच्या आत कधी आलाच नाही, बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहायचा. मग पेशंटपाशी कोण, असं मी दारात येऊन विचारलं, तर एक ठेंगणी, काळीसावळी, डोक्यावर पदर घट्ट आवळलेली बाई पुढं झाली.

“मी हाय.”

“तुम्ही कोण यांच्या?”

“मी हिची कोणी न्हाई.”

“मग आत कसं सोडू?”

ती जरा घुटमळली. “जाऊ हाय,” ती म्हणाली. “धाकटी. पण आमचं बोलणं न्हाई.”

हे ऐकून मला इतका आनंद झाला की विचारू नका. इतकी वर्षं आयसीयूच्या दारात मी भाऊ, बहिणी, आया, सासवा, सगळे पाहिले होते. पण जिच्याशी बोलत नाही तिच्या उशाशी बसायला आलेली जाऊ मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी दार उघडलं आणि जरा वाकूनच म्हणालो, “या धाकट्याबाई. चप्पल बाहेर, हात धुवा, आणि भांडण पण बाहेरच ठेवा.”

“भांडण कुठं ठेवू? ते तर तिथं पडलंय खाटंवर,” ती म्हणाली आणि आत आली.

थोरलीला नळी घातली, चाकांवरचं मशीन आणून फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो बघून मान हलवली. धाकटी माझ्यामागंच उभी. “मला बी दावा.” मी तिला पडद्यावर दाखवलं: ही बघा पांढरी रेघ, मधून सरळ खाली गेलीय, फुप्फुसाच्या कुठल्याच वाटेला वळली नाही, छातीचा पडदा ओलांडला आणि मग डावीकडं वळून पोटात उतरली. ती डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

“हिच्या अंगात एक तरी गोष्ट सरळ गेली म्हणायची,” ती म्हणाली.

मग मी तिला नाकापाशीची काळी खूण दाखवली. समजावून सांगितलं की ही खूण नाकपुडीच्या काठाला लागूनच राहिली पाहिजे. ती बाहेर सरकलेली दिसली, तर आतलं टोकही वर सरकलं असं समजायचं, आणि मग दुधाचा थेंबही द्यायचा नाही. पोटाचं दूध शेजारच्या फुप्फुसात जाईल.

“म्हंजे खूण सरकली की ह्याच्या रानातलं पाणी त्याच्या रानात.”

“बरोबर.”

“मग असं सांगा की हा धुरा हाय.”

इथं थोडं थांबून सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत धुरा खांद्यावर असते. पुढारी पक्षाची धुरा सांभाळतात, वाहतात आणि कधीमधी टाकून पळतात. ती धुरा बाई आहे. आमच्याकडचा धुरा पुरुष आहे आणि तो जमिनीत असतो. दोन शेतांच्या मधली हद्द, तिकडं ज्याला बांध म्हणतात, तो आमचा धुरा. त्याच्यावर गवत वाढतं, बोरी-बाभळी येतात, आणि त्याच्यामुळं कोर्टात वकिलांची घरं चालतात.

या दोघी जावांचं बोलणं बंद झालं ते धुऱ्यावरूनच. वाटण्या झाल्या तेव्हा दोन वाट्यांच्या मधे खुणेचा एक दगड पुरला होता. एका पावसाळ्यानंतर तो वीतभर सरकलेला दिसला. कोणत्या बाजूला सरकला, याच्यावरही एकमत नव्हतं. थोरली म्हणाली, धाकटीनं सरकवला. धाकटी म्हणाली, थोरलीनं. त्यांचे नवरे म्हणजे सख्खे भाऊ. त्यांना एवढ्या जमिनीचं काही नव्हतं. ते बोरीच्या बाजारात एकत्र चहा प्यायचे, पण गावात आले की बायकांच्या धाकानं एकमेकांकडं बघायचेसुद्धा नाहीत. आणि त्या दिवसापासून धाकटी थोरलीला ‘तिकडली’ म्हणायला लागली. पूर्वी आक्का म्हणायची.

“मग कशाला आलात इथं उशाशी बसायला?” मी विचारलं.

“तिच्या तोंडून ऐकायचंय मला. दगड कोणी सरकवला ते. माझ्याबिगर फकस्त तिलाच ठावं हाय. ती अशी न बोलता गेली तर समदा गाव जलमभर माझ्याच नावानं बोंबलंल.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बोलंल ना हो ती, सिस्टरभाऊ?”

मी खरं तेच सांगितलं. जीव वाचेल असं वाटतं. जीभ सुटेल का, ते आज कोणी सांगू शकत नाही. आणि तोवर तिच्या पोटात नीट अन्न जात राहिलं पाहिजे, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊन सगळंच अवघड होईल.

“म्हंजे धुरा राखायचा,” ती म्हणाली. “ते मला येतं.”

आणि तिनं राखला! दूध द्यायच्या वेळी आम्ही प्रत्येक पेशंटच्या एका माणसाला आत घेत होतो. धाकटी आली की आधी नाकाखाली वाकायची, एक डोळा मिटायची आणि मोजणीवाला दुर्बिणीतून बघतो तशी बघायची. मग मला हुकूम सुटायचा, “हाय जागेवर. वढा पाणी.” मी सिरिंज उजेडात धरायला लागलो की ती म्हणायची, “नाटक नंतर. आधी पट्टी.” मी पट्टीवर थेंब टाकायचो, तर तेवढ्यात तिचं चालू:

“हे काय बघता तुमी?”

“पाणी आंबट आहे का ते.”

“हिचं समदंच आंबट हाय. पट्ट्या कशाला वाया घालता?”

थोरली डोळे उघडे ठेवून हे सगळं ऐकत असायची. बोलता येत नव्हतं, पण तिचा डावा डोळा धाकटीवर असा रोखलेला असायचा की मशीनवरचे आकडे वाढलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. मी म्हणायचो, “धाकट्याबाई, त्यांचा बीपी वाढायलाय.” ती म्हणायची, “वाढू द्या. जिती हाय ते तरी कळतं.”

खोट्या हाका किती झाल्या असतील! चिकटपट्टीची कड उचलली, “धुरा सरकला!” उजेड दुसऱ्या बाजूनं पडला, “धुरा सरकला!” मी धावत जायचो, खूण जागच्या जागी. पण मी एकदाही रागावलो नाही, कारण बघायला यावं, हेच तर माझं म्हणणं होतं. आणि तो शब्द बाहेर बाकावर बसलेल्या बाकीच्या नातेवाइकांत पसरला. पिंगळीच्या एका मुलीचे वडील शेजारच्या खाटेवर होते, तीही आत आली की विचारायची, “सिस्टरभाऊ, आमचा धुरा बघितला का?” मोठ्या सिस्टरसुद्धा एकदा ड्यूटी माझ्यावर सोपवताना बोलून गेल्या, “सगळ्यांचे धुरे जागेवर आहेत.” मग स्वतःच लाजल्या.

आता तो दिवस. दुपारचं दूध द्यायची वेळ. त्याच सकाळी आमच्याकडं एक नवे डॉक्टर रुजू झाले होते. साताऱ्याकडचे, तरुण, अतिशय गुणी आणि अतिशय नीटनेटके. शर्टाची इस्त्री बघून त्यांच्याजवळ खोकायची चोरी वाटावी. ते टेबलापाशी बसून कागद बघत होते. मी थोरलीसाठी दुधाचा ग्लास आणि सिरिंज घेऊन निघालो होतो. धाकटी माझ्यापुढं चार पावलं. ती खाटेपाशी पोचली, वाकली, आणि मग जी किंकाळी फुटली ती थेट स्टेशनापर्यंत गेली असेल.

“धुराऽऽ! सिस्टरभाऊ, धुराऽऽ!”

साताऱ्याच्या डॉक्टरांनी ऐकलं: धूर.

त्यांना दोष देत नाही. आयसीयू, चारी बाजूंना ऑक्सिजन, आणि एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडतेय. ते खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागं पडली. “धूर? कुठंय धूर? ऑक्सिजन बंद करू नका! आधी धूर कुठंय ते सांगा!” म्हणत त्यांनी भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं काढलं. दाराशी वॉचमननं ‘धूर’ एवढंच ऐकलं आणि बाहेर जाऊन शिट्टी वाजवली. बाकावरचे नातेवाईक दाराशी गोळा झाले. पिंगळीची मुलगी आत मान घालून म्हणाली, “कोणाचा सरकला?” आणि डॉक्टर नळकांड्याची पिन ओढायच्या बेतात खाटेपाशी पोचले. समोर पाहतात तर काय, एक ठेंगणी बाई माझ्या हातातल्या दुधाच्या ग्लासावर पालथा पंजा ठेवून उभी.

“बाई, धूर कुठंय?”

“हितं. नाकाखाली.”

डॉक्टर बिचारे पेशंटच्या नाकाखाली वाकून धूर शोधायला लागले.

मला हसू आवरत नव्हतं आणि हसायची वेळही नव्हती. कारण यावेळी तिचं खरं होतं. काळी खूण नाकपुडीपासून लांब, गालाच्याही खाली लोंबत होती. चिकटपट्टी अर्धी सुटली होती. “डॉक्टरसाहेब, धूर नाही, धुरा. म्हणजे बांध. म्हणजे राईल्स ट्यूबची खूण. ती बाहेर आलीय,” मी एका दमात सांगितलं. त्यांनी नळकांडं खाली ठेवलं आणि क्षणात त्यांचा चेहरा बदलला. मी सिरिंज लावून ओढली. पोटातलं पाणी येईना. थोडा फेस आला. पट्टीवर टाकला, रंग तसाच. थोरलीला ठसका लागला होता.

डॉक्टर ग्लासाकडं बघत म्हणाले, “हे आत्ता गेलं असतं तर...” आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन लांब ठेवला.

मी ती खूण बघितल्याशिवाय दूध दिलंच नसतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. धाकटी आजही ते मानत नाही.

आता प्रश्न असा की नळी सरकवली कोणी? खोकल्यानं एवढी येत नाही. आम्ही सगळे बघायला लागलो. थोरलीची उजवी बाजू निकामी. डावा हात मात्र शाबूत. तो हात पोटावर असा सोज्वळपणे ठेवलेला होता की जणू देवळात बसलीय. पण बोटांना चिकटपट्टीचा तुकडा लागून राहिला होता.

धाकटीनं तो हात उचलला आणि सगळ्या आयसीयूला दाखवला. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा प्रसंग असावा.

“बघा! बघा डॉक्टरसाहेब! बघा सिस्टरभाऊ! हिनंच सरकवला! म्या इतकी वर्सं बोंबलायले, कोणी ऐकलं न्हाई. आता ह्या समद्यांच्या म्होरं धरली! हिचा हात हाय, हिची बोटं हायेत, आन धुरा सरकलाय!” आणि मग तोच हात धरून, तोंड थोरलीच्या कानाशी नेऊन, एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, “कामून वढली गं आक्का? मरायचंय का तुला?”

आक्का. ते मी एकट्यानं ऐकलं असं मला वाटतं. थोरलीनंही ऐकलं, कारण तिचा रोखलेला डावा डोळा पहिल्यांदा बाजूला वळला.

नळी काढली. थोरलीला जरा विसावा देऊन पुन्हा मोजली, नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत, आणि पुन्हा घातली. पुन्हा फोटो. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर नळीची वाट वरपासून खालपर्यंत बोटानं गिरवली आणि म्हणाले, “पोटात आहे. करा खूण... धुऱ्याची.” शब्द त्यांच्या तोंडात अजून नवा होता, नव्या बुटासारखा चावत होता. पण त्यांनी तो घातला, याचं मला फार कौतुक वाटलं.

राहिला हात. नळी ओढणाऱ्या पेशंटच्या हाताला कापसाचा जाड मोजा घालायचा, नाहीतर हात खाटेला सैल बांधायचा, अशी पद्धत असते. मी मोजा घेऊन आलो. धाकटी मधे उभी राहिली.

“हात बांधायचा न्हाई.”

“पुन्हा ओढतील त्या.”

“मी धरते.”

“किती वेळ धराल?”

“सोडा म्हणाल तवर.”

मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी लाल नळकांड्याकडं बघितलं आणि होकार दिला. तेव्हापासून आम्ही तिला जास्त वेळ आत बसू द्यायला लागलो. स्टुलावर बसून थोरलीचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरायची. कोणी विचारलं, “लई माया दिसते जावेवर,” तर म्हणायची, “माया न्हाई, चोराचा हात धरलाय.” आणि अंगठ्यानं त्या हाताच्या पाठीवर गोल गोल फिरवत राहायची. ती बाहेर भाकरीचा तुकडा खायला गेली की तेवढ्यापुरता मोजा. परत आली की आधी मोजा काढायची, मग विचारायची, “कोणी बांधला होता?”

बोलणं तर अखंड. कोणाच्या रानात सोयाबीनला किती शेंगा, वालूरला दिलेल्या भाचीचं काय चाललंय, थोरल्या दिरानं टपरीवर किती चहा ढोसले, नातू कोणावर गेलाय. “नाक तुझंच हाय बिचाऱ्याचं. आता त्याला बी नळी लागली तर कशी घालायची?” असं ती म्हणाली तेव्हा थोरलीच्या तोंडाची डावी कड वर उचलली गेली. मी ते हसू आहे असं म्हणालो. धाकटी म्हणाली, “हसायली न्हाई, शिव्या घालायली. मला कळतंय.”

थोरली हळूहळू सुधारली. आयसीयूतून खालच्या वॉर्डात गेली. खरं म्हणजे तिथं माझं काम नव्हतं, पण मी जेवणाच्या सुट्टीत जायचो, नाटकाचा शेवट चुकवायचा नव्हता. उजवा पाय हलायला लागला. मग एक दिवस साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिला उठवून बसवलं आणि चमच्यानं पाणी पाजून बघितलं. आधी अर्धा चमचा. घशावर हात ठेवून गिळतेय का ते बघितलं. ठसका आला नाही. मग थोडं घट्ट, मग थोडी पेज. काही दिवस असं चाललं आणि मग त्यांनी सांगितलं, नळी काढूया.

मी वरून धावत आलो. ही नळी मीच काढणार, असं आधीच सांगून ठेवलं होतं. धाकटी हात धरून बसलेली होतीच. “सिस्टरभाऊ, आज नाटक करा, आज माफ हाय,” ती म्हणाली. पण मला काही सुचलं नाही. मी चिकटपट्टी सोडवली, थोरलीला श्वास रोखायला सांगितला आणि नळी ओढून काढली. एवढंच.

थोरलीनं नाक चोळलं, ओठ ओले केले. डॉक्टरांनी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, “आजी, बोलायला जमतंय का? हे ओळखा बरं. या कोण?” आणि धाकटीकडं बोट केलं.

धाकटीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पदर दातात, डोळे थोरलीच्या तोंडावर, आणि चोराचा हात दोन्ही हातांत. थोरली तिच्याकडं बघत राहिली. मग जड जिभेनं, एकेक शब्द खाली ठेवत, म्हणाली:

“दगड... हिनंच... सरकवला.”

धाकटी स्टुलावरून उडालीच. “बोलली! ओ सिस्टरभाऊ, बोलली! खोटं बोलली, पण बोलली!” असं ओरडत ती शेजारच्या खाटांवरच्या माणसांना सांगत सुटली. “ऐकलं का? समदं नीट बोलली! लबाड जशीच्या तशी हाय! बरी झाली माझी आक्का!” मग परत येऊन थोरलीच्या पुढ्यात बसली आणि पदरात तोंड घालून इतकं रडली, इतकं रडली की डॉक्टर खिशातली इस्त्रीची दस्ती काढून उभे राहिले, आणि ती द्यावी की नको, तेच त्यांना कळेना.

थोरली तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून बसली होती. “रडती कामून?” ती म्हणाली. “सरकवलास... तर... सरकवलास.”

सुट्टी झाली त्या सकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. जीप आली होती. टपरीवरचा नवरा पहिल्यांदाच फाटकाच्या आत आला, नाकावर दस्ती धरून. थोरलीला पुढच्या सीटवर बसवलं. तिच्या नाकाखाली चिकटपट्टीच्या डिंकाचा एक काळपट पट्टा राहिला होता. साबणानं गेला नव्हता. धाकटीनं पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, पदराचं टोक भिजवलं आणि जीपच्या दारात उभी राहून घासायला लागली.

“हळू,” थोरली म्हणाली.

“हळू कसं निघंल? धुरा हाय.”

“तेल... माझं दिसतंय.”

“तुझंच हाय. तुझ्याच घरून आणलं.”

थोरलीनं तिचा हात धरून बाजूला केला. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “रानातला... घरी जाऊन... दोघी मोजू.”

“मोजू,” धाकटी म्हणाली, आणि जीपमध्ये तिच्या शेजारी चढली. तिनं तो हात मात्र सोडला नव्हता.